साडेबारा टक्क्यांची वंशावळ

कामोठे, करंजाडे, उलवे या भागांत फिरताना एका जातीच्या इमारती लगेच ओळखू येतात. रुंदीला बेताच्या, चार ते सात मजली, रस्त्याच्या बाजूला दोन-तीन गाळे, मागे खांबांमधली पार्किंगची जागा, आणि दारावर बिल्डरच्या नावाशेजारी ‘आई एकवीरा कृपा’ नाहीतर कुणा आजोबांचं नाव. या साडेबारा टक्क्यांच्या इमारती. शहरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा विकसित भूखंडाचा हिस्सा, असा ‘साडेबारा टक्के’ या शब्दांचा अर्थ नवी मुंबईत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘त्याचे साडेबारा टक्के लागले’ म्हणजे सोडतीत भूखंड निघाला, ‘त्यांनी साडेबारा टक्के विकले’ म्हणजे भूखंड हाती यायच्या आधीच फाईल दुसऱ्याच्या नावे केली. माणसाची हकीकत सांगायला एवढं पुरतं.

या हकिकती सांगायच्या दोन ठरलेल्या रीती आहेत. बाहेरून येऊन सोसायट्यांमध्ये राहणारे म्हणतात, गाववाल्यांना फुकटचा पैसा मिळाला, त्यांनी तो हळदीत आणि गाड्यांत उडवला. गावातले म्हणतात, थोरल्याने बुडवलं, नाहीतर, त्याच्या नशिबातच नव्हतं. दोन्ही रीती शेवटी माणसाच्या स्वभावावर येऊन थांबतात. एकाच गावच्या, एकाच वयाच्या दोघांपैकी एकाची इमारत उभी आहे आणि दुसरा तिच्याच गेटवर रखवालदार आहे, असं दिसलं की स्वभाव हे उत्तर पटतंही. मलाही ते काही अंशी पटतं. पण स्वभावाला वाव किती आणि कुठे मिळाला, हे त्या साडेबारा टक्क्यांचं कूळ शोधल्याशिवाय कळत नाही.

आधी हिशेब. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के होतात ५०६ मीटर. पण त्यातला ३० टक्के भाग सामाजिक सुविधांसाठी वजा होतो, म्हणून हातात येतात पावणेनऊ टक्के, ३५४ मीटर. त्यावर दीड चटईक्षेत्र धरलं तर ५३१ मीटर बांधकाम. बांधायला पैसा नाही म्हणून प्लॉट बिल्डरला डेव्हलपमेंटला द्यायचा. समजा पन्नास-पन्नासवर दिला, तर उरले २६५ मीटर. चार भाऊ असतील तर प्रत्येकी ६६. एका बऱ्यापैकी फ्लॅटएवढी जागा. आणि हा झाला एक एकरवाला. ज्याची जमीन दहा गुंठे होती त्याला मिळतात ८८ मीटर. त्यावर एकट्याने इमारत होत नाही. दुसऱ्या कुणाच्या तुकड्याला जोडायचं किंवा विकून मोकळं व्हायचं. दहा एकरवाल्याला याच नियमाने साडेतीन हजार मीटर मिळतात आणि बिल्डर त्याच्या ओटीवर येऊन बसतो. टक्का सगळ्यांना सारखा, म्हणून न्याय्य दिसतो. पण सारखा टक्का जुनी विषमता जशीच्या तशी पुढे नेतो. भातशेतीच्या काळात दहा गुंठेवाला आणि दहा एकरवाला यांच्यातलं अंतर काही खंडी भाताचं होतं, ते शहराच्या भावात कोटींचं झालं.

आता मागे जाऊ. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा शासन निर्णय ६ मार्च १९९० चा, त्याचं सुधारलेलं रूप १९९४ चं. ज्यांच्या जमिनी आधीच गेल्या होत्या त्यांनाही तो लागू झाला, आणि हे मोठंच पाऊल होतं. तोपर्यंत जमीन गेली की रोख मोबदला घ्यायचा आणि गप्प बसायचं, हीच रीत होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला माणूस कुठे जाईल याच्याशी देणंघेणं नव्हतं. महाराष्ट्रात या रीतीला पहिला मोठा विरोध झाला तो मुळशीत, १९२१ मध्ये, टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी केलेल्या सत्याग्रहात. तो हरला. मग कोयना. तिथल्या विस्थापितांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली, ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने छापली. १९७६ साली महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. धरणाच्या पाण्याने ज्यांची शेतं भिजणार, त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून काही जमीन घेऊन ती बुडालेल्यांना द्यायची, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना.

माझ्या मते साडेबारा टक्के हे याच कल्पनेचं शहरी अपत्य आहे. शहरासाठी जमीन गेली तर लाभक्षेत्र कोणतं? शहरच. मग शहरातलाच वाटा द्या. सरकारी कागदांत दोन्ही गोष्टी कुणी अशा जोडून दाखवल्या नसतील, पण धरणग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त यांच्या मागण्यांची भाषा एकाच मुशीतली आहे.

हा वाटा शासनाला आपणहून सुचला नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांनी आंदोलक शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. धुतूम, चिर्ले, पागोटे ही त्यांची गावं. मागणी होती वाढीव भावाची आणि विकसित जमिनीत हिश्शाची. नेतृत्व होतं दि. बा. पाटलांचं. दिबा जासईचेच, जन्म १९२६ चा. वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. त्याच वर्षी केंद्राने भूसंपादन कायदा बदलला आणि सक्तीच्या संपादनापोटी मिळणारी दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली. साडेबाराला मात्र आणखी सहा वर्षं लागली.

व्यक्तीने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्याला दिबांचं उदाहरण द्यावं. १८९४ च्या कायद्याचं कलमन् कलम जाणणारा माणूस याच गावांतला निघाला, ही आकस्मिक गोष्ट होती. त्याच्या जागी फक्त तडफदार कुणी असता तर भावाचा आकडा वाढवून आंदोलन संपलं असतं. पैशाऐवजी जमिनीत हिस्सा मागावा आणि तो टक्क्यात मागावा, ही वकिली बुद्धी. पण हीच व्यक्ती सांगलीत किंवा बीडमध्ये जन्मली असती तर तिला हे करता आलं नसतं, कारण तिच्यामागे जासई ते घणसोलीपर्यंतच्या, एकमेकांशी सोयरिकीने बांधलेल्या गावांचा एकगठ्ठा समाज नसता. आगरी समाजाचं हे बळ दिबांच्या आधीचं आहे, त्याकडे येतोच.

१९८४ च्या मागे १९७०. त्या वर्षी फेब्रुवारीत भूसंपादनाच्या कलम चारची अधिसूचना निघाली आणि १७ मार्चला हे शहर वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. त्याची बीजं पाच वर्षं आधीची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ च्या ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलं होतं की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्याऐवजी खाडीपलीकडे जोडशहर वसवावं. कल्पना उत्तम होती. तिच्यातलं अर्थकारण असं: शेतीच्या भावात जमीन घ्यायची, शहराच्या भावात विकायची आणि मधल्या फरकातून रस्ते, नळ, रेल्वे उभी करायची. म्हणजे शहर स्वतःच्या पैशाने उभं राहतं. हा मधला फरक ज्यांच्या खिशातून जाणार होता त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. नियोजनकारांना दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही, तिघंही मुंबईच्या झोपडीतल्या माणसाचा विचार करणारे होते. नकाशावर खाडीपलीकडे मोकळी जागा दिसत होती, आणि तिथे लाखाच्या वर माणसं राहत होती.

१९७० ची अधिसूचना आणखी एका अर्थाने निर्णायक ठरली. गावठाणांची हद्द त्या वेळी होती तिथेच राहिली, कुटुंबं मात्र वाढत गेली. मुलाचं लग्न झालं, घराला लागून एक खोली काढली, तर ती संपादित जमिनीवर, म्हणून अनधिकृत. यांनाच ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. ती नियमित करण्याच्या निर्णयांचा घोळ २०२२ पर्यंत आणि नंतरही चालूच राहिला. पंचवीस वर्षांच्या तरुणाने वडिलांच्या अंगणात घर बांधावं आणि त्यासाठी त्याच्यावर नोटीस यावी, यात त्याचा स्वभाव कुठे येतो?

आता सगळ्यात महत्त्वाचा दुवा. १९७० मध्ये सातबारावर नाव कुणाचं होतं? साडेबारा टक्के जमिनीच्या मालकाला मिळाले, जमिनीवर राबणाऱ्याला नव्हे. आणि या भागातले बहुतेक शेतकरी मालक झाले होते फक्त तेरा वर्षांपूर्वी, १ एप्रिल १९५७ रोजी. कृषक दिन. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८ चा, त्याच्या दुरुस्तीने ठरवलं की त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसतो आहे तो मालक मानला जाईल. मानलं गेलं, पण कागद व्हायला पाहिजे होता. कुळाने कूळ म्हणून नोंद आधी करून घेतलेली असावी लागे. तलाठी सावकाराच्या ओटीवर बसून नोंदी करी, तिथे कुळाची नोंद राहून जाई. कुळाला लिहिता येत नसेल, जमीनदाराशी घरोबा असेल, त्याच्या उपकाराखाली असेल, किंवा नुसती भीड आड आली असेल, तर नाव लागलं नाही. बरीच वर्षं त्याने काही बिघडलं नाही. भात तोच पिकवत होता. बिघडलं ते भूखंड वाटायची वेळ आली तेव्हा. कूळ की जमीनदार हा वाद पनवेल तालुक्यातल्या वाघिवलीसारख्या गावात थेट साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापर्यंत येऊन भिडला, ही त्याच जुन्या नोंदींची करामत.

नोंद झाली त्यांच्यातही एक बारीक गोष्ट आहे. जुन्या सातबारावर थोरल्या भावाच्या नावापुढे कधी कधी ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, थोरला फक्त कारभारी. तलाठ्याने ही अक्षरं लिहिली तर धाकट्यांचा हक्क शाबूत. लिहायची राहिली तर कागदावर जमीन एकट्या थोरल्याची. पुढे पन्नास वर्षांनी मेट्रो सेंटरच्या, म्हणजे भूसंपादनाच्या कचेरीत वारसांची पात्रता ठरवताना ही अक्षरं शोधली जातात. नसली तर धाकट्यांच्या मुलांना काकाच्या मर्जीवर राहावं लागतं. काका सरळ असला तर वाटे होतात, नसला तर दिवाणी दावा. आता गावकरी म्हणतात ते ‘थोरल्याने बुडवलं’ खरं असतंच. पण थोरल्याच्या स्वभावाला चार कुटुंबांची दैना करायची ताकद दिली ती एका तलाठ्याने न लिहिलेल्या तीन अक्षरांनी. सुखवस्तू नोकरदार घरातला थोरला भाऊ तितकाच लोभी असू शकतो. त्याच्या लोभाने फार तर दिवाळीतलं जेवण बंद होतं.

कृषक दिन तरी कुठून आला? तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या चरीहून. अलिबाग तालुक्यातल्या या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोतांच्या जमिनी न कसण्याचं ठरलं. नारायण नागू पाटील हे पुढारी. आसपासच्या गावांतली शेतं पडीक राहिली, लोकांनी लाकूडफाटा विकून आणि खाडीतलं खाऊन दिवस काढले, पण संप सुमारे सहा वर्षं मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक कायदेमंडळात आणलं. १९३९ चा कूळ कायदा या सगळ्याच्या पाठोपाठ आला. चरी आणि जासई यांच्यात रस्त्याने काही तासांचं अंतर, पण समाज एकच, सोयरिकी एकमेकांत. १९८४ मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांच्या घरात चरीची गोष्ट ऐकलेली म्हातारी माणसं होती. सहा वर्षं जमीन पडीक ठेवण्याची जिद्द कुणा एकाच्या छातीत मावत नाही. ती जातीच्या पंचांनी, बायकांनी आणि उपाशी राहण्याच्या सवयीने धरून ठेवलेली असते.

त्याहीमागे जायचं तर जमिनीच्याच जन्मापाशी जावं लागतं, कारण या भागातली बरीच जमीन माणसाने घडवलेली आहे. खाडीला मातीचे बांध घालून, उघाडीतून भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करून, वर्षानुवर्षं पावसाने मीठ धुऊन काढत खारजमिनी भाताखाली आल्या. अशी जमीन काढणाऱ्याच्या आणि बांध राखणाऱ्याच्या हक्काला शिलोत्री म्हणत. नवीन पनवेलशेजारच्या शिलोत्तर रायचूर या गावाच्या नावात ती पद्धत अजून दिसते. मिठाला दाद न देणारा लाल ‘राता’ भात इथला. बांध फुटला की सगळ्या गावाने रात्री कुदळ-घमेलं घेऊन धावायचं, कारण खारं पाणी कुणाचा सातबारा विचारून शिरत नाही. म्हणजे जमीन घडली गावकीने आणि कागदावर गेली खोतांच्या, सावकारांच्या नावे. गावकीची मेहनत कुठल्याच रकान्यात आली नाही.

आणखी बरंच काही रकान्यात आलं नाही. खारातल्या डबक्यात जिताडा वाढे, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या मिळत, बायका त्या टोपलीत घालून पनवेलच्या नाहीतर ठाण्याच्या बाजाराला नेत. हा पैसा बाईच्या हातात राही. १९७० नंतर मोबदला ठरला एकरी, पीक भाताचं धरून. जिताड्याची किंमत शून्य. त्यामुळे जमीन गेली तेव्हा पुरुषाचा उत्पन्नाचा मार्ग गेला आणि त्याला मोबदला मिळाला. बाईचा मार्गही गेला, तिला काहीच मिळालं नाही. बँकेत आलेला चेक नवऱ्याच्या नावाचा होता. गाववाल्यांनी पैसा उडवला म्हणणाऱ्यांनी हा चेक कुणाच्या नावे होता एवढं तरी पाहावं.

मिठागरांवर मजुरी करणारे, कोळी, बलुतेदार आणि कातकरी यांचं तर विचारूच नका. कोळ्याचं शेत म्हणजे खाडी, आणि खाडीचा सातबारा नसतो. भूमिहीनांसाठी आणि मिठागर कामगारांसाठी छोट्या भूखंडांच्या योजना नंतर निघाल्या, पण साडेबारा टक्के म्हणजे मुळात शून्याला गुणणं होतं. शून्य कितीही टक्क्यांनी गुणा.

आता खालून वर येऊ, म्हणजे पुन्हा त्या चार भावांपाशी. जमीन गेली १९७० च्या दशकात. रोख मोबदला आला आणि घर शाकारण्यात, लग्नांत, आजारपणांत गेला. साडेबाराचा निर्णय वीस वर्षांनी आला. त्यानंतर फाईल: सातबारा, फेरफार, निवाड्याची नक्कल, वारस दाखला, सगळ्या वारसांच्या सह्या, पात्रता, इरादापत्र, सोडत, मग करारनामा. यात पाच वर्षं कुणाला, पंधरा कुणाला. या वाटेत स्वभावाला खरोखर वाव आहे. एक भाऊ महिन्यातून दोनदा सीबीडी बेलापूरला सिडको भवनात खेटे घालेल, दुसरा एकदा बाबूने उलट उत्तर दिलं की परत पाऊल टाकणार नाही. एक माणूस बिल्डरचा करार तीनदा वाचून घेईल, दुसरा अंगठा उठवून मोकळा होईल. पण या फरकांपैकी सर्वांत मोठा मानला जाणारा जो गुण, धीर, त्याच्याबद्दल मला शंका आहे. थांबणं ही बहुतेक वेळा ऐपत असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात ज्याला कायम नोकरी लागली होती तो भाऊ सोडत निघेपर्यंत थांबू शकला. जो नाक्यावर काम शोधत होता त्याने फाईल विकली. दहा वर्षांनी पहिला दूरदृष्टीचा ठरला आणि दुसरा उधळ्या. मग पहिल्याला नोकरी कशी लागली? तो दहावी झाला होता, कारण तो धाकटा होता आणि तो शाळेत गेला तेव्हा थोरला शेतावर होता.

पुण्याच्या मगरपट्ट्याचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. तिथे सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच टाउनशिप उभारली, भागीदार झाले, २००० पासून इमारती वर आल्या. हे शेतकरी हुशार, ते उधळे, असा निष्कर्ष काढला जातो. त्यांच्या हुशारीबद्दल वाद नाही. पण त्यांच्या जमिनीवर कलम चारची अधिसूचना नव्हती, शहर आधीच त्यांच्या बांधाला येऊन भिडलं होतं, आणि एकमेकांचे नातेवाईक असलेल्या मोठ्या बागायतदारांना बँकेचं दार उघडं होतं. जासईच्या शेतकऱ्याला विकासक व्हायचा पर्यायच १९७० साली काढून घेतलेला होता.

बहिणींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. वारस म्हणून त्यांची सही लागते, आणि भावासाठी हक्कसोडपत्र करून देणं ही माहेरची रीत. सही दिली नाही तर माहेर तुटतं, दिली तर भाऊबीज राहते. हा व्यवहार स्वेच्छेचा असतो असं उपनिबंधकाच्या कचेरीतला कागद म्हणतो. त्यातही कायद्याने एक अजब रेघ मारली. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात केलेली दुरुस्ती २२ जून १९९४ पासून अमलात आली आणि मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळाला. पण त्या तारखेपूर्वी जिचं लग्न झालं तिला नाही. समजा एका घरातल्या दोन बहिणी. मोठीचं लग्न त्या मे महिन्याच्या तिथीवर उरकलं, धाकटीचं पुढच्या हंगामात झालं. एक मुलगी मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार, दुसरी नाही. गंमत म्हणजे सुधारित साडेबारा टक्के योजनाही त्याच वर्षाची. केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मुलीचा हक्क जन्मापासूनच असल्याचं स्पष्ट केलं, तोवर बरेच भूखंड वाटून, बांधून, विकून झाले होते. मोठ्या बहिणीची मुलं आज मामाच्या इमारतीसमोरून जातात तेव्हा काय म्हणत असतील ते म्हणोत. आईने हक्क सोडला तो मन मोठं म्हणून, की तिच्याकडे सोडायला फारसं काही नव्हतंच म्हणून, हे त्यांनाही ठरवता येणार नाही.

आणि कोणत्या सरकारी खात्याने जमीन घेतली, हाही नशिबाचा भाग. सिडकोने घेतली तर साडेबारा. त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची जमीन औद्योगिक महामंडळाने कारखान्यांसाठी घेतली असेल तर ही योजना नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, पण त्याच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं पडली ऑगस्ट २०१४ मध्ये, पंतप्रधानांच्या कार्यक्रमात. पंचवीस वर्षं. ज्याच्या नावे जमीन होती तो बहुधा हयात नव्हता, आणि एका नावाचे तोवर दहा-पंधरा वारस झाले होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये लिहिलेल्या एका पुस्तकात खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न असा भेद केला होता. उरणमध्ये शेताच्या बांधाच्या अलीकडे सिडको आणि पलीकडे बंदर असेल, तर तो भेद पायाखालीच दिसतो.

साडेबाराचा वंश पुढे वाढला आहे. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठायची होती तेव्हा, २०१३-१४ मध्ये, साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज ठरलं. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरीकरणासाठी जमीन गेली तर विकसित जमिनीतली २० टक्के मूळ मालकांसाठी राखावी असं आलं. १८९४ च्या कायद्याच्या वारसाला असं काही लिहावं लागलं, त्यात जासईचा वाटा किती, हे मोजायचं साधन नाही, पण तो आहे. विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये मानवी साखळी झाली, सिडको भवनाला घेराव पडला. मोर्चात साडेबाराच्या इमारतींचे मालक होते, फाईल विकलेले होते आणि ज्यांना काहीच मिळालं नव्हतं असेही होते.

मार्च २०२४ मध्ये एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, आणखी एका नव्या शहराचं काम मिळालं. उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटर. नाव कर्नाळा-साई-चिरनेर. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. हुतात्मा स्तंभावर कातकऱ्याचं नाव आहे. जमिनीच्या कागदावर ते क्वचितच असतं. मात्र या वेळी एक फरक आहे. २०१३ च्या कायद्यात जमीन मालकाच्या व्याख्येत वनहक्क कायद्याखाली हक्क मिळालेली व्यक्तीही येते, आणि बाधित कुटुंबात कूळ आणि शेतमजूरही धरले आहेत. त्यामुळे टक्का किती यापेक्षा या १२४ गावांत आधी विचारायला हवं ते असं: जमीन त्या कायद्याने घेतली जाणार की संमतीच्या सौद्याने? सौद्यात समोर बसतो तो सातबारावाला. कातकऱ्याचा वनहक्काचा दावा मंजूर होऊन कागद हातात पडला असेल तर त्याला बोलावणं येईल, आणि तो दावा आज कुठल्या टेबलावर आहे हे वाडीवरच्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं.